समुद्राकाठचं जुनं दगडी घर गावाच्या कलादालनासाठी वापरायचं आहे, आधी काय करावं? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

मच्छीमार वस्तीतलं एक दुमजली घर गावकऱ्यांच्या मंडळाला वापरायला मिळणार आहे. भरतीची रेषा घरापासून साधारण 80 मीटरवर आहे. भिंती दगड-चुन्याच्या आणि 60 सेंटीमीटर जाड. वरचा मजला लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेला, छप्पर कौलारू. वर 9 बाय 5 मीटरची एकच खोली आहे आणि तुळया 5 मीटरच्या बाजूने टाकल्या आहेत. खाली तीन खोल्या, पुढे ओसरी.

मागे कधीतरी आतून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला आहे. त्याच्या वरच्या कडेला लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटतो, रंगाचे पोपडे निघतात. दोन तुळयांची भिंतीतली टोकं मऊ लागतात.

बेत असा आहे: वर 60 माणसांसाठी गाणी, नाटकं, व्याख्यानं. खाली जुनी जाळी, वल्ही, नांगर, फोटो यांची मांडणी आणि मुलांसाठी वाचनाची खोली. एका ठेकेदाराने सुचवलंय की सगळ्या भिंतींना वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करून अॅक्रिलिक रंग द्यावा, वरच्या मजल्यावर 3 इंच काँक्रीट ओतावं आणि तुळयांची टोकं सिमेंटमध्ये पक्की करावी. हे बरोबर आहे का? कामाचा क्रम कसा लावावा?

ओळंबा

तिन्ही सूचना या घराला मारक आहेत. भिंतींबद्दल मी लिहितो, मजल्याबद्दल इथे जास्त जाणकार लोक आहेत.

भिंतीत काय चाललंय ते आधी समजून घ्या. जमिनीतली ओल दगडाच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून वर चढते, बहुधा एक ते दीड मीटरपर्यंत. पाण्याबरोबर मीठही चढतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार बाहेरूनही भिंतीवर बसत राहतात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मीठ छिद्राच्या आत गोठलं की स्फटिकाच्या दाबाने दगडाचा पापुद्रा सुटतो. साध्या मिठाचा एक गुण लक्षात ठेवा: हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा गोठतं. किनाऱ्यावर आर्द्रता या रेषेच्या खाली-वर सारखी जात असते. म्हणून गळती नसतानाही भिंत कधी ओली दिसते, कधी पांढरी.

सिमेंटच्या गिलाव्यातून ही वाफ नीट बाहेर पडत नाही. कमरेपर्यंत वाट अडली की ओल सिमेंटच्या मागून वर सरकते आणि जिथे सिमेंट संपतं तिथे बाहेर येते. तुमच्या भिंतीवर लोणा नेमका त्याच रेषेत का फुटतो, याचं उत्तर हेच. गिलावा छतापर्यंत नेलात तर ओल तुळयांच्या टोकांपर्यंत पोचेल. ती दोन टोकं मऊ का झाली असावीत, याचाही विचार याच दिशेने करा.

पहिलं काम भिंतीच्या बाहेर आहे. बाहेरच्या जमिनीची पातळी आतल्या फरशीपेक्षा निदान 150 ते 200 मिलिमीटर खाली हवी. वर्षानुवर्षं भराव पडून जोतं गाडलं गेलेलं असतं, तो भराव काढा. भिंतीला लागून काँक्रीटची पट्टी असेल तर तीही काढा, कारण खालची ओल वर यायला मग भिंतीशिवाय वाट उरत नाही. पागोळ्यांचं पाणी पन्हळीने गोळा करून भिंतीपासून दूर न्या. खडी भरलेला चर खणायचा असेल तर पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका, पायाखालची माती वाहून भिंत खचते.

दुसरं, मोजमाप. जमिनीपासून 30, 80 आणि 150 सेंटीमीटर उंचीवर भिंतीला भोक पाडून भुकटी घ्या. 0 ते 2 सेंटीमीटर खोलीची वेगळी, 2 ते 5 ची वेगळी. भुकटीचं वजन करा, 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. जो फरक येईल ती ओल. वाळलेली भुकटी ठरावीक मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात ढवळून विद्युतवाहकता मोजा, त्यावरून क्षाराचा अंदाज येतो. भिंतीवर दोन सुया टेकवून ओल दाखवणारी यंत्रं इथे फसवतात. मीठ असलं की कोरड्या भिंतीतही ती मोठा आकडा दाखवतात आणि त्या आकड्यावर महागडी रसायनं विकली जातात. भिंतीत रसायन टोचून ओल थांबवण्याचा उपायही इथे लागू पडत नाही, कारण जाड दगडी भिंतीच्या पोटात भराव आणि पोकळ्या असतात आणि रसायनाचा सलग थर बसत नाही.

सिमेंट काढताना विजेचा हातोडा वापरू नका. बोटाच्या पेराने ठोकून पोकळ वाजणारा भाग आधी शोधा आणि छिन्नी-हातोडीने तिथून सुरुवात करा. जिथे सिमेंट दगडाची कातडी ओढून काढतंय तिथे गिलाव्याच्या जाडीपेक्षा कमी खोलीच्या चौकटी कापून छोटे तुकडे काढा. तरीही दगड फुटत असेल तर तो तुकडा राहू द्या. सगळी भिंत एकसारखी दिसण्यापेक्षा दगड वाचणं मोलाचं.

मग थांबायचं. जाड भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब महिन्याला 25 मिलिमीटर असा धरतात. दोन्ही बाजूंनी वाळणारी 60 सेंटीमीटरची भिंत म्हणजे जवळपास वर्ष. हीटर लावून घाई केली तर मीठ पृष्ठभागाच्या आतच गोठतं आणि नुकसान वाढतं. खिडक्या उघड्या ठेवा, पृष्ठभागावर आलेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि घराबाहेर न्या. खाली पडू दिलंत तर ते पुन्हा जोत्यातच जिरतं. मीठ फार असेल तिथे कागदाचा लगदा, केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि धुतलेली वाळू डिस्टिल्ड पाण्यात कालवून 15 ते 20 मिलिमीटर जाड लेप द्या. तो वाळून सुटायला लागला की काढा. काढलेला लेप डिस्टिल्ड पाण्यात ढवळून त्या पाण्याची वाहकता दर खेपेला मोजा. दोन-तीन खेपांनंतर आकडा फारसा उतरत नसेल तर तिथे थांबा.

नवा गिलावा चुन्याचाच. निदान तीन महिने भिजवलेलं कळीच्या चुन्याचं लोणी (मऊ लगदा) 1 भाग, टोकदार धुतलेली वाळू अडीच ते 3 भाग, कमी भाजलेल्या विटेची बारीक सुरखी (भुकटी) अर्धा भाग. किनाऱ्यावरची वाळू कितीही स्वच्छ दिसली तरी घेऊ नका, ती मिठाने भरलेली असते. एक थर 10 मिलिमीटरपेक्षा जाड नको. प्रत्येक थर पाच-सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. समुद्राचा वारा लागून एका दिवसात सुकला तर भुसभुशीत राहतो. वर दुधासारख्या पातळ चुन्याचे चार-पाच हात. खालच्या मीटरभर पट्ट्यातला गिलावा मीठ शोषून काही वर्षांनी खराब होणार आहे आणि तो व्हावाच. तो दगडाच्या वाटणीचा मार खातो. तेवढा पट्टा पुन्हा करण्याची तरतूद देखभालीच्या खर्चात आजच धरा.

तुळई

भिंतींबद्दल वर लिहिलंय त्याला पूर्ण सहमत. आता वरची खोली.

3 इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे 185 ते 190 किलो. 45 चौरस मीटरवर जवळपास साडेआठ टन, तेही कायमचे आणि टोकं कुजलेल्या तुळयांवर. माणूस पाऊल ठेवायच्या आधीच मजल्याची राखीव ताकद संपेल.

घराचा मजला साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो धरून मोजतात, सभेच्या जागेचा 400 ते 500 धरून. तुमच्या खोलीसाठी हा फरक 9 टनांवरून 22 टनांपर्यंत जातो. लोक म्हणतात, 60 माणसांचं वजन 4 टनांच्या आसपास, मग एवढं कशाला? कारण माणसं सारखी पसरत नाहीत. खिडकीतून मिरवणूक दिसली की सगळी एका बाजूला जातात. खुर्च्या हलवल्या तर त्याच खोलीत 180 माणसं दाटीने उभी राहू शकतात. शिवाय नाच. पावलांची लय सेकंदाला दोन-तीन ठोक्यांची असते, तिच्या दुप्पट-तिप्पट लयीशी मजल्याची स्वतःची कंपनं जुळली तर झोके वाढत जातात. कंपनांचा सोपा अंदाज: 18 ला मजल्याच्या स्वतःच्या वजनाने आलेल्या वाकाच्या (मिलिमीटरमध्ये) वर्गमुळाने भागा. 5 मिलिमीटर वाक असेल तर सेकंदाला 8 कंपनं येतात. यापेक्षा कमी आली तर त्या मजल्यावर सामुदायिक नाच नको.

तुळया तपासताना टोच्याने टोचून पाहा. तो सहज आत जात असेल तर तो भाग गेलेला. मग बारीक ड्रिल भिंतीलगत तिरकं घालून लाकडाचा विरोध कुठपर्यंत कमी आहे ते पाहा. सगळ्या तुळयांची टोकं तपासायची, फक्त मऊ लागलेल्या दोनच नाहीत. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाट मिळते. टोक सिमेंटमध्ये पुरलं की ओल अडकते आणि कूज पुढे सरकते, म्हणून ठेकेदाराची ही सूचना सर्वात धोकादायक. कुजलेलं टोक निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा, किंवा दोन्ही बाजूंना स्टेनलेस पट्ट्या लावून आरपार बोल्ट घाला. भिंतीतल्या खाचेत टोकाच्या बाजूंना आणि वर 20 ते 25 मिलिमीटर हवा खेळती ठेवा, खाली टणक लाकडाची किंवा दगडाची बैठक द्या.

स्टेनलेस घेताना 316 दर्जाचंच घ्या. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं. 304 वर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात. साधं लोखंड भिंतीत घालूच नका, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि दगड फोडतो.

तुळया काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्या दोन लांब भिंतींना बांधूनही ठेवतात. एका वेळी एकच तुळई हातात घ्या आणि शेजारच्या दोहोंना खालून टेकू असल्याशिवाय कापू नका.

कौलांचं थोडक्यात. वादळात उचल सर्वात जास्त कडांना आणि आढ्यापाशी असते. तिथल्या दोन-दोन ओळी तांब्याच्या किंवा 316 च्या तारेने रीपांना बांधा. दिवे, पडदे, ध्वनिक्षेपक वाशांना टांगू नका, जमिनीवर उभी राहणारी वेगळी चौकट करा.

उंबरठा

दोघांचेही आभार. मग कार्यक्रमाची जागा खाली आणली तर? मधल्या खोलीची मापं 7 बाय 5 मीटर आहेत. आणि वर मांडणी केली तर चालेल का?

जाळंविणकर

खाली आणणं हाच शहाणपणाचा निर्णय. 1964 च्या व्हेनिस सनदेच्या (जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) पाचव्या कलमात नेमकं हेच आहे: वास्तूला समाजोपयोगी काम देणं जतनाला मदत करतं, पण त्यासाठी तिची मांडणी किंवा सजावट बदलू नये. काम घराच्या अंगाला बसेल असं निवडायचं.

7 बाय 5 म्हणजे 35 चौरस मीटर. 7 चौरस मीटर सादरीकरणाला, बसायला एका माणसाला साधारण 0.65 चौरस मीटर, मधली 1.2 मीटरची वाट सोडली तर 30 ते 35 माणसं व्यवस्थित बसतात. 60 हा आकडा सोडून द्या. मोठा कार्यक्रम असेल तेव्हा ओसरी हा रंगमंच आणि समोरची मोकळी जागा हे सभागृह. ओसरीला छप्पर असतं, उंची असते, मागची भिंत आवाज पुढे फेकते. वस्ती तिथे तशीही जमते.

बाहेर जायला दोन वाटा हव्यात, एकमेकींपासून शक्य तितक्या लांब. जुने दरवाजे आत उघडतात, गर्दी रेटली की ते बंद राहतात. बऱ्याच देशांच्या नियमांत 50 माणसांपुढे दार बाहेर उघडणारं सक्तीचं असतं. माणसं कमी असली तरी तेच पाळा. जुनी दारं फेकू नका, कार्यक्रमाच्या वेळी ती उघडी अडकवून ठेवण्यासाठी भिंतीत कडी करा आणि कुलपाची जबाबदारी एका माणसाला लेखी द्या. उंबरठ्याला काढता येणारी लाकडी उतरण करा, उंचीच्या बारापट लांब आणि निदान 90 सेंटीमीटर रुंद. 15 सेंटीमीटरच्या उंबरठ्याला 1.8 मीटर उतरण लागते.

वर मांडणी चालेल, पण तिचंही वजन मोजा. एक मोठा लोखंडी नांगर 100 किलोंच्या पुढे सहज जातो. असल्या वस्तू खालीच ठेवा. वर फोटो, वल्ही, विणकामाच्या सुया, गाण्यांचं ध्वनिमुद्रण. एका वेळी किती माणसं वर जातील तो आकडा अभियंत्याकडून घ्या आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी लावा.

आता या सगळ्याहून महत्त्वाचं वाटतं ते. मच्छीमार वस्तीचं घड्याळ भरतीचं असतं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे 'दर शनिवारी संध्याकाळी सात' हे वेळापत्रक एका आठवड्यात सोयीचं आणि पुढच्या आठवड्यात लोक समुद्रावर असतात असं होतं. महिन्याचे कार्यक्रम भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून लावा. पहाटे निघणाऱ्यांची झोप रात्री लवकर असते, तेव्हा उघड्यावरचा आवाज कधी बंद होईल हे शेजारच्या घरांना विचारून ठरवा.

ओसरीवर आज कोणी जाळं दुरुस्त करत बसत असेल तर ती जागा त्यांचीच राहू द्या. डागडुजी करून त्यांना बाहेर काढलं आणि आत काचेच्या पेटीत जाळं लावलं, तर त्या घरातलं सर्वात जिवंत काम आपणच थांबवलेलं असेल. जाळं ताणायला दोन खांबांमध्ये 4 ते 5 मीटर अंतर आणि उभ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर गोल कडेचे आकडे पुरतात. ओलं, खारं जाळं मात्र आत नको. त्याच्यासाठी अंगणात दांडी आणि गोड्या पाण्याचा नळ द्या.

गाणी, प्रार्थना, नावेच्या खुणा नोंदवून घेण्याआधी संमती घ्या: कोणाचं नाव येईल, कुठे वाजवलं जाईल, मागे घ्यायचं असेल तर कसं. काही गाणी ठरावीक प्रसंगीच म्हणायची असतात, ती सांगणारा 'नको' म्हणाला तर विषय तिथे संपतो. युनेस्कोचा 2003 चा अमूर्त वारशाचा करारही वारसा कोणता हे ठरवताना त्या समाजाच्याच ओळखीला महत्त्व देतो. ध्वनिमुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिटच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. समुद्राकाठच्या एकाच इमारतीत सगळ्या प्रती ठेवू नयेत.

नादवीज

वीज, आवाज आणि वस्तूंबद्दल थोडं.

वायरिंग भिंतीत खाचा पाडून पुरू नका. चुन्याच्या भिंतीची खाच भरली तरी ओल आत राहते. पृष्ठभागावरून प्लॅस्टिकच्या नळ्या न्या, खिळे 316 चे. बाहेरची जोडणी आयपी 65 च्या (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणाऱ्या) पेटीत. 30 मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच (वीज गळली की पुरवठा तोडणारा) हवाच, पण सगळं घर एकावर ठेवू नका. मिठाचा ओला थर सॉकेटवर बसला की किंचित गळती होते आणि ऐन कार्यक्रमात पूर्ण अंधार होतो. दिवे, सॉकेट, ध्वनी आणि बाहेरची जोडणी यांना वेगवेगळे रक्षक द्या. बाहेर जायच्या वाटेवर बॅटरीचे दिवे ठेवा. भरतीचं किंवा वादळाचं पाणी आत येण्याची शक्यता असेल तर सॉकेट एक मीटरच्या वर.

आवाजाचा हिशेब खालच्या खोलीसाठी: 35 चौरस मीटर गुणिले उंची 3 मीटर म्हणजे 105 घनमीटर. बोलणं स्पष्ट ऐकू यायला घुमण्याचा काळ 0.8 सेकंदाच्या आसपास हवा. 0.161 (हा सूत्रातला ठरलेला आकडा) गुणिले 105 भागिले 0.8 म्हणजे आवाज शोषणारा सुमारे 21 चौरस मीटर पृष्ठभाग. बसलेलं माणूस त्यातले साधारण 0.4 चौरस मीटर देतं, म्हणजे 35 माणसांचे 14. उरलेले 7 भिंती, लाकडी छत आणि थोडं कापड यांतून मिळतात. खोली भरलेली असताना आवाज चांगलाच येईल. तालमीला रिकामी खोली घुमते, तेव्हा भिंतीपासून 10 सेंटीमीटर पुढे ओढता येणारे 12 ते 15 चौरस मीटर जाड सुती पडदे पुरे. फोमच्या चौकटी भिंतीला चिकटवू नका. त्या पेट घेतात, आणि मागे भिंत ओली राहते.

नायलॉनची जाळी छताला शोभेसाठी टांगण्याची फार हौस दिसते. नायलॉन वितळून पेटते थेंब खाली पडतात. दिव्यांजवळ आणि माणसांच्या डोक्यावर ती नकोतच.

जुने फोटो आणि कापड 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेडात ठेवू नका, भिंतीवर प्रती लावा, मूळ वस्तू आत ठेवा. समुद्रातून आलेलं लोखंड नुसतं घासून रंगवलं तर रंगाखाली गंजतच राहतं, कारण क्षार आतपर्यंत मुरलेले असतात. ते आधी कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रावणात भिजवून काढावे लागतात आणि हे काम महिनोन्महिने चालतं. ते धातूच्या जतनतज्ज्ञाकडे द्या. नावेची बरीच वर्षं पाण्यात राहिलेली फळी असेल तर ती उन्हात वाळवू नका, ती आक्रसून चिरते.

उंबरठा

समजलं. भिंती वर्षभर वाळायच्या असतील तर तोवर घर बंद ठेवायचं का? गावातला उत्साह वर्षभर टिकवणं अवघड आहे.

ओळंबा

बंद मुळीच ठेवू नका, बंद घरात हवा खेळत नाही. पहिल्या दोन महिन्यांत पन्हळी, कौलं, भराव आणि तुळयांचे टेकू एवढं उरका. पाणी बाहेरच्या बाहेर गेलं की ओसरी आणि अंगण लगेच वापरात आणता येतं. वाचनाची खोली ज्या भिंतीत मीठ सर्वात कमी निघेल तिथे करा, कपाटं भिंतीपासून 10 सेंटीमीटर पुढे ठेवा.

सिमेंट काढणं कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे भिंतीला लागून काही कोरडे महिने मिळतात. चुन्याचा खड्डा त्याच आठवड्यात भरा. भिंती तयार होईपर्यंत चुनाही मुरलेला असेल. कळी चुना विझवताना पाणी उकळतं आणि अंगावर उडतं: डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, मुलं लांब, आणि चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही.

गावातल्या हातांना काम द्यायचं असेल तर चुना मळणं, सुरखी चाळणं, मीठ झाडणं आणि दर महिन्याला भुकटीची मोजणी करून वहीत लिहिणं ही कामं शिकवता येतात. ती वही भिंतीवर टांगा. 80 सेंटीमीटरच्या उंचीवरची ओल लागोपाठ तीन महिने जवळपास तेवढीच आली की गिलाव्याला हात लावा, त्याआधी नाही. तुळया मात्र गावच्या उत्साहावर सोडू नका, तिथे अभियंता आणि अनुभवी सुतार दोघंही उभे हवेत.